पाणी कुणाला हवं, कुणाला नको

सहा वर्षं लँथनाइड नॅनोकणांवर गेली. एकच कण एमआरआयमध्ये दिसावा आणि लेझर टाकला की चमकावाही, एवढंच काम. लॅबच्या वहीत मागच्या पानांवर खरडलेलं जरा नीट करून लिहितोय.

१. गॅडोलिनियम आणि अर्बियमचं पाण्यावरून वाकडं आहे. गॅडोलिनियमच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्याजवळून गेलेल्या पाण्यातले प्रोटॉन लवकर मूळ स्थितीला येतात आणि एमआरआयच्या चित्रात तेवढी जागा उजळते. म्हणजे पाणी जितकं खेटून, तितकं बरं. अर्बियमचं नेमकं उलट. पाण्याचा रेणू शेजारी आला की त्याची ऊर्जा त्या रेणूच्या कंपनांत जिरते आणि उजेड विझतो. पहिलं दीड वर्ष मी दोघांना एकाच कणात कालवत राहिलो. दोन्हीकडची रीडिंग रडकी. मग आत यिट्टर्बियम-अर्बियम घातलेला सोडियम यिट्रियम फ्लोराइडचा गाभा आणि वर गॅडोलिनियमचं कवच, असं जमवलं. कवच जाड केलं की उजेड वाढतो, पण कवचाच्या आतल्या थरातल्या गॅडोलिनियमला पाणी भेटतच नाही, ते फुकट जातं. त्या एक-दोन नॅनोमीटरच्या जाडीपायी आठ महिने गेले.

२. कण बनवताना मिथेनॉल पूर्ण उडाल्याशिवाय तापमान वाढवू नये. ओलेइक अ‍ॅसिड आणि ऑक्टाडेसीनमधलं मिश्रण आधी व्हॅक्यूमखाली ११० अंशांवर कोरडं करायचं, मग आर्गॉन सोडून ३०० पर्यंत न्यायचं. एकदा बस गाठायची म्हणून मी घाई केली. फ्लास्क अशी उसळली की सगळं कंडेन्सरमध्ये. सीनियर ताई एवढंच म्हणाल्या, "आता हूड तूच पूस." खवट तेलाचा तो वास एप्रनला आठवडाभर होता.

३. ९८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती कुपीतली बारीक हिरवी रेघ. ती कितीही देखणी वाटली तरी गॉगल काढायचा नाही.

४. पेपरात शोभणारा हिरवा रंग मांसातून बाहेर येत नाही. हे मला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या बोनलेस चिकननं शिकवलं. काही मिलिमीटरची काप वर ठेवली आणि अर्बियमची ५४० नॅनोमीटरची खूण जवळजवळ गायब. अर्बियमच्या जागी थुलियम घातल्यावर ८०० नॅनोमीटरचा प्रकाश बराच पार झाला, मी खूश. तेवढ्यात लक्ष गेलं, लेझर पडत होता तिथं काप पांढरी पडली होती. शिजली होती! ९८० चा प्रकाश पाणी शोषून घेतं आणि तापतं, हे वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी. नंतर निओडिमियम घालून ८०८ च्या लेझरवर आलो.

५. फॉस्फेट बफरमध्ये कण रात्रभर ठेवू नयेत. फॉस्फेट लँथनाइडला धरतं, कणावरचं पॉलिमरचं आवरण सुटतं आणि सकाळी तळाशी पांढरा गाळ.

६. प्रत्येक बॅचला झायलेनॉल ऑरेंजची चाचणी. रंग पिवळा राहिला तर हायसं वाटतं. जांभळट झाला तर गॅडोलिनियम सुटं झालंय, बॅच बाद. यात हयगय नाही. दवाखान्यात वापरतात त्या साध्या गॅडोलिनियम संयुगांचा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांमधल्या त्वचा घट्ट करणाऱ्या आजाराशी संबंध २००६ मध्ये लक्षात आला. ती औषधं तोवर अठरा वर्षं वापरात होती.

७. डॉक्टरला आलेख दाखवू नये. माझा मामेभाऊ रेडिओलॉजिस्ट आहे. त्याला मी उत्साहानं सगळे आलेख दाखवले. तो म्हणाला, "हे अंगातून बाहेर कधी पडतं रे?" मी उजेडाबद्दल बोलत राहिलो. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मूत्रपिंडातून गाळून जायला कण साधारण सहा नॅनोमीटरच्या आत हवा. आमचे पंचवीसचे, यकृतात आणि प्लीहेत अडकून बसणारे. आता नऊपर्यंत उतरलोय. कण लहान झाला की त्याच्या मानानं पृष्ठभाग वाढतो, म्हणजे पुन्हा पाणी आलंच. कुपीतली रेघ आता अंधार केल्याशिवाय दिसत नाही.