पुरुषाचे मन आणि घरचा हिशेब

समाजशास्त्रात पीएच.डी.साठी मी पुरुषपण, नातेसंबंध आणि मनःस्वास्थ्य यांचा अभ्यास करते. विषय पुस्तकी वाटेल. पण आखातात तो थेट घरातल्या पैशांपाशी येतो.

आखातात कमावणाऱ्या केरळी पुरुषांवर फिलिपो आणि कॅरोलाइन ओसेला या मानववंशशास्त्रज्ञांनी २००० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. गाव अशा माणसाला कसे जोखते, हे त्यात वाचायला मिळते. स्वतःपुरते पाहणारा तो ‘कळ्ळन’, म्हणजे चोर. मागेल त्याला देऊन रिकामा होणारा तो ‘पावम’, म्हणजे बिचारा भोळा. दोन्हींचा तोल राखून संसार करील, तो खरा कर्ता पुरुष. शब्द मल्याळी असले तरी मोजमाप आपल्या ओळखीचे आहे. गावचे घर, बहिणीचे लग्न, पुतण्याची फी. ‘दुबईवाला’ नाही कसे म्हणणार?

माणसाची किंमत पगारावर ठरली, की नोकरी जाणे म्हणजे अब्रू जाणे वाटू लागते. इथे बहुतेकांचा निवासी परवानाही नोकरीशी बांधलेला. मग कर्ज लपवले जाते, बायकोशी बोलणे टाळले जाते. पुरुषाचे नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. चिडचिड, दारू, उडालेली झोप हीही त्याची लक्षणे असतात. भारतात २०२२ मध्ये नोंद झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १,२२,७२४ पुरुषांच्या होत्या. त्यामागे अनेक कारणे असतात, पण मौन त्यांत भर घालते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात.

१. महिन्यातून एकदा पतिपत्नींनी पगार, हप्ते आणि गावी पाठवायची रक्कम एकत्र लिहावी. पत्नी गावी असल्यास फोनवर. मग ‘नाही’ म्हणण्याचा भार एकट्यावर राहत नाही.

२. १ जानेवारी २०२३ पासून इथे नोकरदारांना बेकारी विमा सक्तीचा आहे. सलग १२ महिने हप्ता भरलेला असल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. राजीनामा दिल्यास किंवा शिस्तभंगावरून काढल्यास मिळत नाही. अर्ज ३० दिवसांत करावा.

३. वरील लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना भेटावे. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

‘पैसे पाठवले का?’ हे आपण नेहमीच विचारतो. त्याआधी एकदा ‘अहो, हल्ली झोप लागते ना?’ असेही विचारावे.