दुकानाचा कॉम्प्युटर आणि लिनक्स : नव्या माणसाने निवड कशी करावी?

पिंपरी, भोसरी, चिखली ते चाकण या पट्ट्यातील आपल्या बांधवांच्या दुकानांत आणि वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर नाही असे ठिकाण आता शोधावे लागेल. जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, कंपन्यांच्या ऑर्डरी, सगळे त्याच्यावरच. परंतु त्या कॉम्प्युटरच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टीम चालते ती कोणाची, किती दिवसांची, आणि विकत घेतलेली की उचललेली, हा सवाल आपण सहसा विचारत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबविली आणि हा सवाल आपणहून दारात येऊन उभा राहिला. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत मिळाली, एवढेच. पुढच्या विंडोज ११ साठी साधारण २०१८ व त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. म्हणजे जे जुने कॉम्प्युटर आजही धडधाकट चालतात ते भंगारात काढावेत, किंवा दुरुस्तीविना चालवून हिशेबाचा सगळा डेटा चोरांच्या तोंडी ठेवावा, असे दोनच मार्ग अनेकांना दिसतात. तिसराही एक मार्ग आहे आणि आजचा लेख त्याबद्दल आहे.

त्याआधी एक कडू गोष्ट बोलून टाकू. आमच्या बाजारात कॉम्प्युटर बसविणारा मुलगा दोन-चारशे रुपये घेऊन ‘क्रॅक’ केलेली विंडोज टाकून देतो आणि आपण त्याला सोय म्हणतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले, लपविण्यात अर्थ नाही. गजाने कापड मोजताना एक बोट कमी पडले तर ज्याला रात्री झोप येत नाही, तोच दुकानदार उचललेल्या सॉफ्टवेअरवर बिल बनवितो. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत व्यापारी नाव, लेखनाचा हक्क आणि शोधाचा हक्क हे मालकाचे शरीअतमान्य हक्क ठरविले व त्यांवर हात टाकणे नाजायज सांगितले. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी : प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकते. दुकानदाराला ती सवलत कशी मिळणार?

आता तिसरा मार्ग. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू नावाचे काम जाहीर केले, आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. दोहोंच्या मेळातून जी ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहिली तिची रचना कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. यालाच ओपन सोर्स म्हणतात. आपल्या वाचकांना समजावे म्हणून दाखला द्यायचा तर मदिनेच्या रूमा विहिरीचा द्यावा. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, पाणी कोणीही भरावे. लिनक्सच्या परवान्यातही अशीच अट आहे : यात सुधारणा करून जो पुढे वाटेल, त्याने तोच हक्क पुढच्याला द्यावा, मध्ये भिंत घालू नये. पैसे लागत नाहीत ही गोष्ट दुय्यम. मालकाच्या इजाजतीने वापरतो आहोत, ही गोष्ट मोठी.

पण या विहिरीला घाट फार. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन, अशी नावे ऐकून नवा माणूस गोंधळतो आणि ‘सगळ्यांत चांगली कोणती?’ असे विचारतो. आमच्या मते हा सवालच उलटा आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘सगळ्यांत चांगले कापड दाखवा’ म्हणाले तर आपण आधी काय विचारतो? शिवायचे काय आहे? वेल्डरच्या बॉयलर सूटला ड्रिल लागते, ऑफिसच्या शर्टाला पॉपलिन. तसेच इथे. आधी एका कागदावर आपल्या कॉम्प्युटरवर रोज होणारी कामे लिहावीत आणि त्याला जोडलेल्या वस्तू लिहाव्यात. नाव नंतर.

आम्ही हे उलट्या क्रमाने केले आणि फजिती झाली. कोणाच्या तरी शिफारशीवरून एका शुक्रवारी दुकानातील कॉम्प्युटरवर लिनक्स चढविले. सगळे सुरेख चालले. संध्याकाळी चाकणच्या एका कारखान्याचे गणवेशाचे ताके टेम्पोत भरून तयार, ड्रायव्हर गाडी सुरू करून बसलेला, आणि प्रिंटर हलेना. चलनाचा कागद निघेना. त्या लहान लेझर प्रिंटरचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर बसविणे मोठे जिकिरीचे काम आहे, हे आम्हांला त्या दिवशी कळले. शेवटी चलन हाताने लिहिले, ई-वे बिल शेजारच्या दुकानातून छापून आणले आणि शेजाऱ्याचे दोन बोल ऐकले. म्हणून कागदावर पहिले नाव प्रिंटरचे लिहा. एचपी कंपनी आपल्या बहुतेक प्रिंटरांसाठी एचपीलिप नावाचा लिनक्सचा प्रोग्राम स्वतः देते. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बहुधा साध्या ड्रायव्हरवर चालतात. बाकीच्यांचे मॉडेल तपासूनच पुढे जावे.

दुसरे नाव हिशेबाचे. टॅली ही विंडोजसाठी बनविलेली आहे. वाइन नावाच्या पुलावरून ती लिनक्सवर चालवून पाहणारे लोक आहेत, पण वर्षाचा हिशेब आम्ही अशा पुलावर ठेवणार नाही. टॅलीशिवाय ज्यांचे सी.ए. साहेब हलत नाहीत, त्यांनी एक कॉम्प्युटर परवान्याच्या विंडोजवर राहू द्यावा आणि बाकीचे बदलावेत. जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, उद्यम नोंदणी, बँक, व्हॉट्सअॅप वेब ही कामे ब्राउझरमध्ये होतात; फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही तसाच आहे. एकट्या मालकीची पेढी असेल तर रिटर्नवर मोबाइलच्या ओटीपीने सही होते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही सक्तीची, आणि त्या यूएसबी टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे टोकन देणाऱ्यालाच विचारावे.

ऑर्डरीची एक्सेल फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडते. मात्र काही कंपन्या मॅक्रो घातलेले नमुने पाठवितात, ते तिथे अडखळतात. एक जुनी फाइल उघडून पाहिली की खरे काय ते कळते.

कारागीर बांधवांसाठी थोडे वेगळे. भरतकामाचे मशीन चालविणाऱ्यांना इंकस्केप आणि त्यावर बसणारे इंक-स्टिच ही दोन मोफत साधने नक्की पाहावी. नक्षीवरून टाक्यांची फाइल, डीएसटी किंवा पीईएस, तयार करता येते. कोरल ड्रॉवर हात बसलेल्याला सुरुवातीस इंकस्केप परके वाटेल, महिना द्यावा लागेल. भोसरीत जुन्या लेथला नवा मेंदू बसवू पाहणाऱ्यांसाठी लिनक्स सीएनसी आहे, ज्याची सुरुवात अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत झाली. पण जे मशीन कंपनीच्या कंट्रोलरवर नीट माल देत आहे त्याला हात लावू नये. डिझाइन आणि कॅमचे बरेच मोठे प्रोग्रामही विंडोजचेच आहेत.

कागद लिहून झाल्यावर नावाचा विचार. नव्या माणसाला आमची शिफारस लिनक्स मिंटची आहे. खाली डावीकडे बटण, त्यातून यादी, उजवीकडे घड्याळ : विंडोजवरून आलेल्या हाताला अडचण पडत नाही. दोन जीबी रॅमवर उभी राहते, चार जीबीवर आरामात चालते. मशीन फारच म्हातारे असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे. घरातला मुलगा किंवा भाचा कॉलेजात उबुंटू वापरत असेल तर खुशाल उबुंटू घ्यावी, मात्र एलटीएस म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीचीच. अडल्यावर जो माणूस शेजारी बसणार, त्याला येणारी सिस्टीम निम्मे काम करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस नावाची भारतीय सिस्टीम डेबियनवरून बनविली आहे. भारतीय भाषांवर तिचा भर आहे, पण बाजारात ती दुरुस्त करणारा हात आम्हांला सहज सापडला नाही. काली लिनक्स मात्र कोणी हौसेने देऊ लागला तर नको म्हणावे. ती सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांची आहे, दुकानदारांची नव्हे.

निवड पक्की करण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. मिंटच्या संकेतस्थळावरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहावी आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करावा. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ दाबावे लागते. हार्ड डिस्कला काही होत नाही. कापड घेण्याआधी कोपरा धुऊन रंग पाहतो ना, तसेच. वायफाय लागले का, प्रिंटर बोलला का, आवाज आला का, ऑर्डरीची फाइल उघडली का? दोन-तीन दिवस असे पाहून मगच आत बसवावे. बसविताना ‘डिस्क पुसा’ असा पर्याय येतो. तो दाबला की जुने सगळे गेले. म्हणून आधी डेटाच्या दोन प्रती, त्यातली एक घरी. बसवायचा दिवस महिनाअखेरीचा किंवा ईदच्या तोंडावरचा नसावा.

भाषेबद्दल आपल्या वाचकांची शंका असते. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून ही बाजू आम्ही बारकाईने पाहिली. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आत तयारच असतो आणि रेड हॅटने काढलेले लोहित फाँट मोफत आहेत. उर्दूसाठी नोटो नस्तालीक टाकला की लिब्रे ऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे बरे लिहिता येते. एकाच चिठ्ठीवर मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही छापता येतात. अडचण इनपेजची : ते विंडोजचे आहे आणि त्याच्या जुन्या फाइली इथे थेट उघडत नाहीत. लग्नपत्रिका छापणाऱ्या बांधवांनी घाई करू नये.

काही मंडळी म्हणतात, हे सगळे शिकलेल्यांचे काम. केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आली आहेत. आमच्या दुकानातला, आठवी शिकलेला, बिल बनविणारा मुलगा पंधरा दिवसांत सरावला. आम्हांला मात्र दीड महिना लागला.

आज आमच्याकडे तीन कॉम्प्युटर आहेत. गल्ल्यावरचा आणि गोदामातला मिंटवर, तिसरा परवान्याच्या विंडोजवर फक्त टॅलीसाठी. प्रिंटर बदलला. जुना प्रिंटर टॅलीच्या कॉम्प्युटरला जोडून दिला, तिथे तो निमूटपणे चालतो.