युटाच्या लाल दऱ्यांत बेताची पायपीट

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मुलीकडे अमेरिकेत जाणार आहोत. दोघंही साठीचे, रोज तासभर चालतो. युटाच्या दऱ्या गाडीनं फिरताना कोणत्या पायवाटा झेपतील?

उत्तर : लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस असा क्रम ठेवा, प्रत्येक ठिकाणी दोन मुक्काम हवेतच. ब्राइसमधली क्वीन्स गार्डन-नवाहो लूप ही साधारण ५ किलोमीटरची वाट आधी उतरते, चढ शेवटी लागतो. त्यात उंची सुमारे २,४०० मीटर, म्हणून दम राखून चाला. आर्चेसमध्ये डेलिकेट आर्चच्या वाटेवर सावली जवळजवळ नाही; सकाळी लवकर निघा. दिवसाला माणशी तीन लिटर पाणी जवळ ठेवा. अरुंद घळीत शिरण्यापूर्वी रेंजरना पुराचा अंदाज जरूर विचारा. पाऊस दूर कोसळला तरी लोंढा तुमच्यापर्यंत पोहोचतो.