संकेतस्थळावरचा मुक्काम कसा मोजतात?

आमच्या अंजनवेलला गोपाळगड पाहायला पाहुणे येतात. त्यांच्यासाठी काकांनी घरातल्या दोन खोल्या काढल्या व एका पानाचे संकेतस्थळ करून घेतले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; म्हणून त्याचा अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे आले. सरासरी मुक्काम होता शून्य सेकंद! "कोणी वाचतच नाही, तर पैसे कशाला भरायचे?" काका म्हणाले. पण चौकशीचे फोन तर येत होते. म्हणून मी मोजणीची रीत अभ्यासली.

जुन्या रीतीत पाने उघडल्याच्या वेळांची वजाबाकी करीत. पहिले पान १० वाजता व शेवटचे १० वाजून ५ मिनिटांनी उघडले, तर मुक्काम ५ मिनिटे. शेवटचे पान पुढे वीस मिनिटे वाचले तरी ती हिशेबात नाहीत. धक्क्यावर येणाऱ्याची वेळ लिहावी आणि जाणाऱ्याची लिहू नये, तसेच हे. आमचे तर पानच एक; वजाबाकीला दुसरी वेळच नाही!

२०२० साली आलेल्या गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये पान पडद्यावर समोर असल्याचा वेळ मोजतात व १० सेकंदांहून अधिक टिकलेली भेट रस घेतलेली धरतात. तरीही पान उघडे ठेवून कोणी चहाला गेला, तर तो वेळही जमा होतोच.

काकांना मी सांगितले, "हे शून्य म्हणजे कोणी थांबले नाही असे नव्हे, मोजता आले नाही, एवढेच." संकेतस्थळ चालू राहिले. मित्रहो, आकडा मानण्यापूर्वी तो कसा काढला, हे विचारावे.

— द्वितीय वर्ष कला