‘माइंड’ या क्रियापदाचे अर्थ आणि वापर : ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये राहायला येणाऱ्या मराठी माणसाला कामापुरते इंग्रजी बहुधा चांगले येत असते. त्याची अडचण होते ती शाळेत कधी स्वतंत्रपणे न शिकवलेल्या, पण बसमध्ये, दवाखान्यात आणि शेजारी दिवसभर कानावर पडणाऱ्या लहान क्रियापदांपाशी, आणि त्यांत ‘माइंड’ हे सर्वांत फसवे आहे, असे तेथे स्थिरावलेली कुटुंबे नवागतांना आवर्जून सांगतात. नाम म्हणून हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. संस्कृत ‘मनस्’ आणि हा शब्द एकाच प्राचीन धातूपासून आलेले असून जुन्या इंग्रजीत त्याचा एक प्रमुख अर्थ ‘स्मरण’ असा होता. क्रियापद म्हणून मात्र आज त्याचे दोन अर्थ मुख्यत्वे चालतात : एक, हरकत असणे किंवा वाईट वाटणे, दुसरा, लक्ष ठेवणे किंवा सांभाळणे. पहिला अर्थ बहुतेक वेळा प्रश्नात, नकारात किंवा ‘वुड’ने बांधलेल्या संकेतार्थी वाक्यात आढळतो आणि दुसरा बहुधा आज्ञार्थात, त्यामुळे वाक्याचे रूप ओळखता आले की अर्थही बराचसा उलगडतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो उत्तर देताना. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘मी येथे बसलो तर आपली हरकत आहे का?’ असा आहे, म्हणून त्याला दिलेल्या नुसत्या ‘येस’चा अर्थ ‘हो, हरकत आहे’ असा होतो. मराठी माणूस अशा प्रसंगी एरवी ‘बसू का?’ हा प्रश्न ऐकत आलेला असतो आणि ‘हो, बसा ना’ हे उत्तर त्याच्या तोंडी रुळलेले असते. इंग्रजी वाक्यातही त्याला परवानगीचाच प्रश्न ऐकू येतो आणि मनात पूर्ण संमती असताना तोंडून नकार जातो. इंग्रजी भाषिकही अनेकदा ‘शुअर, गो अहेड’ असे म्हणतात, पण तेथे पुढच्या शब्दांनी संमती स्पष्ट झालेली असते. म्हणून ‘नॉट अ‍ॅट ऑल’ किंवा ‘नो, प्लीज डू’ ही उत्तरे नवागताने जिभेवर बसवून घ्यावीत. हरकत खरोखर असेल, तेव्हाही एकटा ‘येस’ फार तुटक वाटतो. ‘आय वुड रादर यू डिडन्ट’ हे सौम्य नकाराचे रूढ वाक्य आहे. तपासणीच्या वेळी वैद्यकीय विद्यार्थ्याने खोलीत थांबले तर चालेल का, हे डॉक्टर पुष्कळदा याच क्रियापदाने विचारतात, आणि तेथे उत्तर उलटे गेले तर रुग्णाच्या इच्छेविरुद्ध गोष्ट घडू शकते, म्हणून या एका रचनेवर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

व्याकरणाची चूक येथे मराठीच्या वळणामुळे होते. ‘दार लावायला हरकत आहे का?’ या मराठी रचनेच्या सवयीने ‘वुड यू माइंड टु क्लोज द डोअर?’ असे वाक्य तयार होते. परंतु ‘माइंड’नंतर ‘टु’ येत नाही, तर क्रियापदाचे ‘इंग’ लागलेले रूप येते, म्हणून ‘वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?’ हे शुद्ध होय. या वाक्यात दार समोरच्याने लावायचे आहे; बोलणाऱ्याला स्वतः लावायचे असेल तर ‘वुड यू माइंड इफ आय क्लोज्ड द डोअर?’ असे म्हटले जाते आणि ‘वुड’मुळे पुढील क्रियापद भूतकाळी रूप घेते, जरी कृती अजून व्हायची असली तरी.

‘आय डोन्ट माइंड’ हे वाक्य मराठीतील ‘चालेल’च्या जवळचे आहे, पण बरोबरीचे नाही. चहा की कॉफी, असे विचारल्यावर ‘आय डोन्ट माइंड’ म्हणणे अगदी योग्य आहे. मात्र जेवणाच्या आमंत्रणाला तेच उत्तर दिले तर यजमानाला ते निरुत्साही वाटते, कारण मराठी ‘चालेल’मध्ये जी खुशी सहज सामावते ती या वाक्यात नाही. याउलट ‘आय वुडन्ट माइंड अ कप ऑफ टी’ हे नकारार्थी दिसणारे वाक्य खरे तर इच्छा सांगते, आणि पाहुण्याने ते उच्चारले तर किटली चढवावी.

मराठी बोलण्यात ‘माइंड करू नका’ हा प्रयोग रुळलेला आहे आणि त्याचा अर्थ ‘राग मानू नका’ असा होतो. मात्र त्याचे थेट रूपांतर करून ‘डोन्ट माइंड’ असे वाक्याच्या आरंभी घातले तर ते इंग्रजीत अपुरे ठरते, तेथे ‘आय होप यू डोन्ट माइंड माय सेइंग सो’ असे पूर्ण वाक्य हवे. ‘नेव्हर माइंड’ हे धीराचे शब्द ज्याचे नुकसान झाले त्याने उच्चारायचे असतात. ज्याच्या हातून चहा सांडला त्याने ते म्हटले तर उद्धटपणा होतो.

दुसऱ्या अर्थाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू येणारी ‘माइंड द गॅप’ ही सूचना. काही जुनी स्थानके वळणावर बांधलेली असून डबे सरळ असल्यामुळे फलाट आणि डबा यांत फट राहते, तिच्याकडे लक्ष द्या, एवढाच तिचा अर्थ आहे. बुटक्या दारावरील ‘माइंड युअर हेड’ याच घरातले. याच अर्थातून ‘चाइल्डमाइंडर’ हा शब्द आला असून लहान मुले असलेल्या कुटुंबाने तो नीट समजून घ्यावा, कारण तो केवळ ‘मुले सांभाळणारी बाई’ असा सैल शब्द नाही : इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालील मुलांना मोबदला घेऊन, स्वतःच्या घरी, दिवसाला दोन तासांहून अधिक काळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला सहसा ‘ऑफस्टेड’ या तपासणी संस्थेकडे किंवा नोंदणीकृत चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. भारतातून भेटीच्या व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांनी अल्पकालीन मुक्कामात नातवंडांकडे पाहणे नियमांत बसते, पण ती चाइल्डमाइंडरची नोकरी ठरता कामा नये. म्हणून विमानतळावरील अधिकाऱ्याला येण्याचे कारण सांगताना हा शब्द वापरू नये आणि आपण मुलाच्या कुटुंबाला भेटायला आलो आहोत, हे खरे कारण साध्या शब्दांत सांगावे.

प्रदेशानुसारही अर्थ सरकतो. स्कॉटलंडमध्ये ‘माइंड’चा ‘आठवणे’ हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, त्यामुळे ग्लासगोतील वृद्ध शेजाऱ्याने ‘डू यू माइंड द ओल्ड ट्राम्स?’ असे विचारले तर तो तक्रार विचारत नसून जुन्या ट्राम आठवतात का, असे विचारतो. आयर्लंडमध्ये निरोप घेताना ‘माइंड युअरसेल्फ’ म्हणतात, म्हणजे ‘जपून राहा’. अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, मुलाला ‘माइंड युअर मदर’ असे सांगतात तेव्हा आईचे ऐकण्याची आज्ञा अभिप्रेत असते, आणि फलाटावरच्या फटीसाठी तेथे ‘वॉच’ हे क्रियापद वापरले जाते.