पापड झालेल्या पिशव्या

खोपोलीत माझं हीट प्रेसचं दुकान आहे. टी-शर्ट कुणीही छापून देतं. माझ्याकडे मात्र पिशवी, रेनकोट, घोंगडी असं काहीही घेऊन लोक येतात आणि म्हणतात, "ताई, यावर नाव टाका."

1. पहिली अद्दल हळदीच्या पिशव्यांनी घडवली. कर्जतच्या लग्नघराला शंभर पिशव्यांवर नवरा-नवरीची नावं हवी होती. पिशव्या दिसायला कापडाच्या, पण नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते 160-165 अंशांना वितळतं. मी सवयीने डीटीएफचे, म्हणजे फिल्मवरची छपाई गोंदाच्या पावडरीने कापडावर चिकटवायचे, 160 लावले. मशीन उघडलं तर वरच्या प्लेटला पापड चिकटलेला! आता कमी तापमानाला चिकटणारी पावडर वापरते, 120-125 अंश ठेवते, वर टेफ्लॉन शीट, दाब हलका. तो पापड भिंतीवर टांगलाय.

2. "कॉटनच आहे" यावर विश्वास ठेवू नये. शिवणीच्या आतल्या बाजूने कापडाचाच धागा काढून जाळावा, शिलाईचा नाही. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. लोकर जळक्या केसांसारखी घाण मारते.

3. लाल जर्सी. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेसाठी एका संघाच्या पंधरा जर्सी होत्या. रात्री पांढरी शुभ्र नावं टाकून घडी घातली, सकाळी सगळी गुलाबी! पॉलिएस्टर ज्या रंगाने रंगवतात तो उष्णतेने सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. सब्लिमेशन छपाई याच गुणावर चालते. त्या रात्री तो गुण उलटा माझ्यावरच चालला. आता गडद पॉलिएस्टरला रंग अडवणारी फिल्म, तापमान कमी, आणि गरम कपडे एकावर एक रचायचे नाहीत. एक जर्सी छापून रात्रभर ठेवते, मगच बाकीच्या. संघाचा कॅप्टन कितीही घाई करो.

4. घाटाच्या पायथ्याचा पावसाळा. साध्या हवेतही सुती कापडात आठेक टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. जुलैत तर टी-शर्ट हाताला गारच लागतो. म्हणून आधी चार-पाच सेकंद नुसताच दाबायचा. वाफ निघालेली दिसते. ती तशीच खाली राहिली तर ट्रान्सफरला फुगे येतात आणि दुसऱ्या धुण्याला कडा सुटतात. दहीहंडीच्या आदल्या दिवशी हे चार सेकंद फार जिवावर येतात.

5. काही वस्तूंना मशीन लावूच नये. राजमाचीला जाणारी पोरं पोंचो आणतात. त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. मोत्यासारखा उभा राहिला तर पाणी झटकणाऱ्या लेपामुळे गोंदही धरणार नाही. घोंगडीचं दुखणं वेगळं. गोंद वरच्या केसांना धरतो, केस उपटले की नावही जातं. वर लोकर करपते. एका धनगर काकांना घोंगडीवर नातवाचं नाव हवं होतं. मी सुती पट्टीवर छापलं आणि पट्टी सुईने चारी बाजूंनी टाचून दिली.

काका बघत बसले होते. म्हणाले, "सुईच लावायची होती तर घरी म्हातारीनंच लावली असती की."

पट्टीचेच पैसे घेतले. शिलाईचे मागायला तोंड झालं नाही.