लग्नाचे व्हिडिओ शूटिंग : करावे का, आणि किती खर्चात?

लग्नाच्या खर्चाची यादी करताना हॉल, जेवण, कपडे आणि दागिने आधी लिहिले जातात. व्हिडिओ शूटिंगची आठवण बहुधा शेवटी होते. तोपर्यंत साठवलेले पैसे वाटले गेलेले असतात, आणि हा खर्च कर्जावर जातो.

आमच्या इंदूरच्या शाखेत एक खातेदार काका वैयक्तिक कर्जाची चौकशी करायला आले. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर होते. शूटिंगवाल्याने ६०,००० रुपयांचे पॅकेज सांगितले होते. त्यात संगीत, हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, दोन कॅमेरे, ड्रोन, छोटा टीझर आणि पूर्ण व्हिडिओ होता. "लग्न एकदाच होतं. पोरीला नाही कसं म्हणू?" काका म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच आम्ही आधी हिशेब मांडला.

कर्ज की बचत?

६०,००० रुपयांचे कर्ज १४ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,८८० रुपये येतो. परतफेड ६९,१०० रुपयांच्या पुढे जाते. प्रक्रिया शुल्क वेगळे.

हाच खर्च वर्षभर आधी ठरला असता, तर ६ टक्के दराच्या आवर्ती ठेवीत दरमहा ५,००० रुपये भरून १२ महिन्यांनी सुमारे ६१,९७५ रुपये हाती आले असते. एका मार्गात ९,१०० रुपये व्याज द्यावे लागते, दुसऱ्यात जवळजवळ २,००० रुपये मिळतात. एकाच शूटिंगमध्ये ११,००० रुपयांचा फरक पडतो.

शिवाय व्यावसायिक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के कर लागतो. ६०,००० वर तो १०,८०० रुपये होतो. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे काकांनी विचारलेच नव्हते.

नेमके काय जपायचे आहे?

मी काकांना म्हटले, "दहा वर्षांनी यातले काय पाहावेसे वाटेल, ते मुलीलाच विचारा." दोन दिवसांनी ते परत आले. मुलीला ड्रोन नको होता. तिची आजी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणणार होती. तो आवाज तिला हवा होता.

फोटोत चेहरा राहतो, आवाज राहत नाही. नातेवाइकांच्या मोबाइलवर भरवसा ठेवावा, तर मुहूर्ताच्या वेळी जवळची माणसे विधीत गुंतलेली असतात आणि लांबून आवाज नीट येत नाही. म्हणून मुख्य विधीसाठी पैसे देऊन माणूस नेमणे हा वायफळ खर्च नव्हे. संगीत आणि हळद मात्र भावंडे मोबाइलवर टिपू शकतात.

काकांनी फक्त लग्नाचा दिवस, एक कॅमेरा आणि आवाजासाठी वेगळा माइक असे २२,००० रुपयांत ठरवले. पैसे बचत खात्यातून दिले. कर्जाचा अर्ज भरावा लागला नाही.

ठरवताना लिहून घ्या

१. किती तास, किती कॅमेरे, कोणते विधी. जास्त वेळ लागल्यास दर काय.
२. व्हिडिओ किती लांबीचा आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार. मूळ चित्रण मिळणार का.
३. नेमलेला माणूस आजारी पडला तर पर्यायी कोण येणार.
४. विसार किती, आणि लग्न पुढे गेल्यास तो परत मिळणार का. शेवटचा हप्ता व्हिडिओ हाती आल्यावरच द्या.
५. आपला व्हिडिओ जाहिरातीसाठी वापरायचा असेल, तर आपली परवानगी लागेल. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालकी हक्क करून घेणाऱ्याचा असतो.

पैसे यूपीआयने किंवा धनादेशाने द्या आणि पावती जपा. ठरल्याप्रमाणे काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हेच कागद उपयोगी पडतात. व्हिडिओ मिळाला की दोन प्रती करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हीसीआर नसल्यामुळे लग्नाची कॅसेट कपाटातच पडून आहे, अशी घरे कमी नाहीत.

स्वतः करून पाहा

घरात लग्न ठरत असेल, तर कागदावर तीन ओळी लिहा :
– ज्यांचा आवाज आणि हालचाल जपायची आहे, अशी माणसे व विधी.
– त्यासाठी लागणारे तास, आणि तेवढ्याच तासांचे तीन ठिकाणचे दर.
– लग्नाला उरलेले महिने. यांतला परवडणारा दर त्या महिन्यांनी भागा आणि तेवढ्या हप्त्याची आवर्ती ठेव आजच सुरू करा.

हप्ता झेपत नसेल, तर आधी तास कमी करा. कर्जाचा विचार त्यानंतर.